जिरॅनियमचे पीक आणि हिवाळ्यातील कडाका

सुगंधी तेलासाठी जिरॅनियमची लागवड करण्याकडे अलीकडच्या काळात आपल्या राज्यातील कित्येक शेतकरी वळले आहेत. या पिकाची माहिती मिळवू लागताच शेतकऱ्यांपुढे एक कोडे उभे राहते. एके ठिकाणी वाचावयास मिळते की, जिरॅनियम उणे २० अंश सेल्सिअसची थंडीही सोसते. दुसरीकडे सांगितले जाते की, एका रात्रीच्या गोठणाऱ्या दवाने ते काळे पडते. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र ती दोन निरनिराळ्या झाडांविषयी केलेली आहेत. हा भेद ध्यानी न घेता जो खोलगट रानात लागवड करील, त्याचे बेणेच हातचे जाण्याचा संभव असतो.

नावाचा हा घोटाळा फार जुना आहे. लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली दोन्ही झाडे जिरॅनियम याच नावाखाली घातली. पुढे १७८९ साली त्यांतील आफ्रिकेकडील झाडांना पेलार्गोनियम हे वेगळे नाव मिळाले. परंतु बागवानांच्या व व्यापाऱ्यांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. ग्रीक भाषेत पहिल्या नावाचा संबंध क्रौंच पक्ष्याशी व दुसऱ्याचा बलाकाशी आहे, कारण दोहोंचीही फळे लांब चोचीसारखी दिसतात. फुले पाहिली म्हणजे फरक कळतो. खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिहींहून वेगळ्या दिसतात. तेलासाठी आपण लावतो ते झाड पेलार्गोनियम होय.

खरे जिरॅनियम हिमालयातही आपोआप उगवते. इंग्लंडमधील एका बागेत आढळलेली ‘रोझॅन’ ही प्रसिद्ध जात हिमालयातील दोन जिरॅनियमच्या संकरातून झालेली आहे, आणि वर सांगितलेली उणे २० अंशांची कीर्ती अशा जातींची आहे. ही झाडे थंडीशी झुंजत नाहीत, तर तिच्यापुढून बाजूला होतात. शरद ऋतू सरत आला की जमिनीवरचा पाला वाळून जातो. पुढील वर्षाचे डोळे मातीलगतच्या गड्ड्यावर झोपी जातात आणि त्यांवर बर्फाचे पांघरूण पडते. दिवस लहान होऊ लागल्यापासून मुळांतील व डोळ्यांतील पेशी आपल्या रसात साखर वाढवून तयारी करीत असतात. गोठण्याची क्रिया पेशींच्या बाहेरील पाण्यात होते, आतील पाणी हळूहळू बाहेर ओढले जाते आणि पेशी सुकल्यासारखी होऊनही जिवंत राहते.

आपल्या पिकाचे कूळ दक्षिण आफ्रिकेतील. तेथे हिवाळा सौम्य असतो. म्हणून हे झाड पाला गाळून झोपत नाही. सदा हिरवे राहते व त्याचे डोळे उघड्या फांद्यांवरच असतात. हळूहळू वाढणाऱ्या थंडीने त्यालाही थोडा काटकपणा येतो, पण तो थोडाच. पारा ५ ते १० अंशांत असताना पाने तांबूस होतात व वाढ मंदावते; यात घाबरण्यासारखे काही नाही. पेशींभोवती बर्फ होऊ लागले की मात्र पेशींचे पडदे फाटतात. सकाळी पाने पाण्यात भिजवल्यासारखी दिसतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. या पिकाचे तेल पानांतच असते, आणि एक टन ओल्या पाल्यापासून साधारण एक किलोच्या आसपासच तेल मिळते. तेव्हा पाला गेला म्हणजे त्या कापणीचे उत्पन्नच गेले.

महाराष्ट्रात असा प्रसंग सर्वत्र येत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. बहुतेक जिल्ह्यांत या पिकाचा मोठा शत्रू पावसाळ्यातील साचलेले पाणी व मूळकूज हा आहे. हिवाळा त्याला मानवतो. परंतु निफाडचा परिसर, सातपुड्यातील तोरणमाळ व डाब यांसारखी ठिकाणे आणि महाबळेश्वरातील वेण्णा तलावाकाठची सखल जमीन येथे थंडीचा विचार केलाच पाहिजे. महाबळेश्वरचे उदाहरण बोधप्रद आहे. वर गावात पारा बराच वर असताना खाली तलावाकाठी पानांवर दव गोठलेले सापडते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमिनीतील ऊब आकाशाकडे निघून जाते, गार झालेली जड हवा उतारावरून पाण्याप्रमाणे वाहत येते आणि खोलगट जागी साचते. शिवाय वेधशाळेचा तापमापक छपराखाली, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. उघड्या आकाशाखालील पान त्याहून काही अंश अधिक थंड होते. म्हणून वर्तमानपत्रात ३-४ अंशांचा आकडा आला असेल, तर आपल्या रानात दव गोठू शकते असे समजावे.

सबब जमिनीची निवड हाच पहिला उपाय होय. उताराच्या मध्यावरील, निचऱ्याची जमीन उत्तम. ओढ्याकाठची व बांधाने किंवा दाट कुंपणाने खालची बाजू अडलेली जमीन टाळावी. कुंपण असल्यास गार हवा निघून जाण्यासाठी त्यात खालच्या अंगाला वाट ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका उंच व एका सखल शेतात पिकाच्या उंचीवर किमान तापमान दाखविणारा तापमापक लावून डिसेंबर-जानेवारीतील नोंदी ठेवाव्यात. एका हिवाळ्याच्या नोंदीही लागवडीची जागा ठरविताना उपयोगी पडतात.

थंड पट्ट्यात कापणीची वेळ सांभाळावी. डिसेंबरच्या मध्यात कापणी केली तर खोडव्याचे कोवळे फुटवे नेमके कडाक्यात सापडतात. कापणी नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी उरकावी, नाही तर फेब्रुवारीपर्यंत थांबावे. त्या सुमारास नत्राचा हप्ताही देऊ नये. नत्राने फुटवा लुसलुशीत होतो.

कडाक्याचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारपूर्वी हलके पाणी द्यावे. ओली, दडपलेली माती दिवसा अधिक ऊब साठविते व रात्री ती परत देते. मात्र पाणी तुंबू देऊ नये. पाचटाच्या आच्छादनाबाबत गैरसमज आहे. ते मुळांना उबदार ठेवते खरे, पण जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्यावरील पाला उलट अधिक गारठतो. गड्ड्यावर जगणाऱ्या हिमालयी जिरॅनियमला ते वरदान आहे, आपल्या पिकाला नव्हे. कडाक्याच्या दिवसांत ओळींमधील पाचट बाजूस सारावे. धूर करण्याची रीत जुनी आहे, पण धुराने ऊब अडत नाही. तुषार सिंचन करावयाचे तर बर्फ वितळेपर्यंत ते अखंड चालू ठेवावे लागते. मध्येच वीज गेली तर न केले असते तर बरे, अशी स्थिती होते.

मातृवृक्षांची गोष्ट वेगळी. या पिकाचे बी धरून लागवड करता येत नाही, ती फांद्यांच्या छाटांवरच होते; म्हणजे जिवंत झाड हेच बेणे. थोडी निरोगी झाडे शेडनेट किंवा प्लास्टिकच्या साध्या छपराखाली वेगळी राखावीत. तेच छप्पर पावसाळ्यातही उपयोगी पडते. रात्री झाकलेले कापड किंवा गोणपाट पानांना न टेकेल असे ताणावे आणि ऊन आल्यावर काढावे.

एवढे करूनही पीक काळे पडले, तर घाईने छाटू नये. मेलेला पाला खालच्या डोळ्यांना पुढच्या थंडीत थोडा आडोसा देतो. कडाका ओसरल्यावर बुडाजवळील जून फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर तेथवर छाटून बेताचे पाणी द्यावे. बुंध्यातून फुटवे येतात. तपकिरी व मऊ लागली, तर ते झाड काढून टाकावे आणि राखलेल्या मातृवृक्षांच्या छाटांपासून नांगे भरावेत.