शकुंतला रेल्वे : परिसर-इतिहासाचा एक पाठ

इतिहास शिकविताना शिक्षक विद्यार्थ्यांना दूरच्या राजधान्यांत नेतात. परंतु गावच्या शिवारातून गेलेला रूळ हाही इतिहासाचा तितकाच अस्सल पुरावा होय. यवतमाळ, वाशीम, अकोला व अमरावती या चार जिल्ह्यांतील शाळांना असा पुरावा दाराशीच लाभला आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. तथापि आतल्या भागातील कापूस बैलगाड्यांनीच येई. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या कंपनीने मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ व अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटरचे अरुंद मार्ग घातले.

‘अरुंद’ म्हणजे किती, हे शाळेच्या पटांगणावर चुन्याने आखून दाखवावे. या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अवघे अडीच फूट. मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटर. दोन्ही जोड्या शेजारी आखल्या, की एकीवरचा डबा दुसरीवर का जात नाही, हे मुलांना न सांगता उमगेल. मूर्तिजापूरला गाठी उतरवून पुन्हा मोठ्या डब्यांत भराव्या लागत, त्याचे कारण हेच.

मार्ग घातला गाठींसाठी. पण माणसांनी तो आपलासा केला आणि गाडीला ‘शकुंतला’ हे लाडके नाव दिले. बाजारकरी, मजूर, विद्यार्थी यांना एस.टी.पेक्षा तिचे भाडे परवडे. वेग मात्र बेताचा! फाटक आले की गाडी थांबे, कर्मचारी उतरून ते लावी व गाडी पुढे गेल्यावर उघडी. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले, नंतर डिझेलचे आले. विशेष हे, की देशातील बहुतेक रेल्वे सरकारी झाल्यावरही या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली; गाडी तेवढी मध्य रेल्वे चालवी. जीर्ण रुळांची हेळसांड झाली ती बहुधा या दुहेरी कारभारातच. कापूस तर केव्हाच मालमोटारींकडे गेला होता. २०२० पर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली.

या मार्गालगतच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवावीत : गाडीने कोठे व कशासाठी जात होता? ती बंद झाल्यावर भाडे किती वाढले? आणि घरातील कोणाचे जाणे तेव्हापासून कायमचे थांबले?