नावामागील जबाबदारी : 'डेबियन' प्रणालीचा बोध

बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी पाहून शेतकरी पेरणीचा निर्णय घेतो. चिठ्ठी खोटी निघाली तर हंगाम वाया जातो. संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीच्या बाबतीतही नावाचे व क्रमांकाचे महत्त्व असेच असते, हे 'डेबियन' या मुक्त प्रणालीच्या इतिहासावरून दिसून येते.

ही प्रणाली १९९३ साली इयान मरडॉक यांनी सुरू केली. डेब्रा (ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या) आणि इयान या दोन नावांच्या संयोगातून 'डेबियन' हे नाव सिद्ध झाले. ती वापरण्याची, तपासण्याची, सुधारण्याची व इतरांस देण्याची सर्वांना मुभा आहे.

१९९५ च्या अखेरीस एका तबकडी-विक्रेत्याने अपुऱ्या अवस्थेतील प्रत 'डेबियन १.०' म्हणून चुकून विक्रीस काढली. ती नीट सुरू होईल याचीही शाश्वती नव्हती. डिसेंबरमध्ये ही चूक जाहीर करण्यात आली आणि ग्राहकांचा घोटाळा होऊ नये म्हणून १.० हा क्रमांक कायमचा वगळण्यात आला. जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती '१.१' ठरली. तिचे टोपणनाव 'बझ' होते.

तेव्हापासून तयार होत असलेली प्रत टोपणनावाने ओळखण्याची प्रथा पडली. ही नावे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची आहेत. त्या वेळी प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स हा चित्रपट काढणाऱ्या पिक्सार संस्थेत नोकरीस होते. 'बुकवर्म' ही बारावी आवृत्ती २०२३ मध्ये, तर 'ट्रिक्सी' ही तेरावी २०२५ मध्ये निघाली.

प्रणालीच्या तीन अवस्था असतात : अस्थिर, चाचणीखालील व स्थिर. अस्थिर शाखेचे नाव कधीही बदलत नाही. चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचे 'सिड' हे नाव तिला दिलेले आहे. शाळा व कार्यालये यांनी नेहमी स्थिर आवृत्तीच निवडावी.

१९९७ साली स्वीकारलेल्या 'सामाजिक करारा'त दोष लपविणार नाही, असे वचन दिलेले आहे. त्यानुसार दोषांची नोंदवही सर्वांस खुली आहे. कोणीही वापरकर्ता तीत तक्रार नोंदवू शकतो. तक्रारीत सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, कोणती कृती केली, काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय घडले, एवढ्या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. 'संगणक चालत नाही' एवढ्याच मजकुराने कोणासही मदत करता येत नाही.

मार्गदर्शिका वाचणे, भाषांतर तपासणे व दोष कळविणे ही कामे प्रोग्राम लिहिता न येणाऱ्यासही करता येतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एखादी तक्रार रीतसर लिहून घेतल्यास संगणकाबरोबर नेमक्या लेखनाचाही अभ्यास होईल. अपुऱ्या कामास पुरे म्हणू नये, हा १९९५ च्या चुकीचा धडा मात्र प्रत्येक कामात उपयोगी पडेल.