बालवाडीत शहाणी, घरी मात्र ‘आई, तू घाल ना!’

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बालवाडीत ती चपला जागेवर ठेवते, डबा उघडून आपल्या हाताने खाते, असं ताई सांगतात. घरी मात्र आजीने भरवल्याशिवाय जेवत नाही आणि कपडेही आम्हीच घालायचे. एकच मूल दोन ठिकाणी इतकं वेगळं कसं वागतं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : मुलगी दोन्हीकडे तीच आहे, तिच्याभोवतीची मांडणी वेगळी आहे. बालवाडीत दप्तराची खुंटी तिच्या हाताला येते. आधी चपला, मग दप्तर, मग प्रार्थना हा क्रम रोज ठरलेला असतो, त्यामुळे ‘आता काय करायचं’ हे कुणी सांगावं लागत नाही. शिवाय ताईंपुढे वीस मुलं असतात, म्हणून प्रत्येकाचं काम त्या स्वतः करत नाहीत, मूल ते करेपर्यंत थांबतात. घरी एका मुलीसाठी आई, बाबा, आजी मिळून सहा हात तयार असतात आणि समोर घड्याळ पळत असतं.

मुलांच्या हाताला येणारी ही मांडणी नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे पुढे मुलांच्या मापाचं हलकं फर्निचर आलं आणि बटणं लावायच्या सरावासाठी कापड ताणलेल्या चौकटी आल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. तिथे महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या गेल्या, आणि आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हाही शिक्षणाचाच भाग झाला. रोजचं काम हाच मुलांचा धडा, हे ताराबाई आणि अनुताई या दोघींनी मनापासून मानलं होतं.

घरी सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एकच काम निवडा, समजा फ्रॉकचं बटण. शेवटची पायरी आधी तिच्याकडे द्या. बटण अर्धं काजात घाला आणि पलीकडून ओढायचं काम तिचं. ते जमलं की बटण काजात सरकवायलाही तिलाच द्या. सुरुवात पुढच्या, खालच्या बटणापासून करा, कारण गळ्याजवळचं बटण तिला दिसतच नाही. टी-शर्ट चित्राची बाजू खाली करून गादीवर पसरला, की डोकं आणि हात आपोआप बरोबर जागी जातात. कपडे घालण्याआधी काढणं जमतं, तेव्हा संध्याकाळी कपडे बदलताना सराव करून घ्या. सकाळच्या घाईत नवं काही शिकवू नका.

जेवताना ताटात थोडंच वाढा, पाण्याची लहान लोटी अर्धीच भरा आणि पुसायचं फडकं तिच्या हाताशी ठेवा. पाणी सांडलं तर न रागावता फडक्याकडे बोट दाखवा. पुसणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

काही गोष्टी मात्र मोठ्यांकडेच राहतील. दात तिने आधी घासावेत, पण शेवटचा हात तुम्हीच फिरवा. साधारण सात वर्षांपर्यंत याची गरज असते. पाण्याच्या बादलीजवळ, गॅसजवळ आणि रस्त्यावर तिला एकटं सोडू नका. आजारपणात किंवा घरात बाळ आल्यावर ती पुन्हा ‘तू कर’ म्हणेल, तेव्हा खुशाल करा. तब्येत सुधारली, घडी बसली की शिकलेलं परत येतं.

आणि आजी? त्यांच्या भरवण्यात माया आहे, ती तोडू नका. त्यांना गोष्ट सांगायला शेजारी बसवा, घास मुलीच्या हातात राहू दे. शेवटचा दहीभाताचा घास मात्र रोज आजीच्याच हातचा. पोट तिने स्वतः भरलेलं असेल, त्यामुळे तो घास निव्वळ लाडाचा होईल.