ठिबक संचाच्या कंट्रोलरमधील बिघाड कसा शोधावा?

केज तालुक्यातील नांदूरघाट परिसरात बोअरवर फळबाग करणाऱ्या शेतकरी बंधूंना दोन अडचणी नेहमीच्याच आहेत. पाणी मोजके, आणि वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत. रात्री दोन वाजता उठून व्हॉल्व्ह फिरवायला जाणे जिवावर येते, शिवाय विंचू-काट्याची भीती असते. म्हणून अलीकडे काही बागायतदारांनी ठिबक संचाला स्वयंचलित कंट्रोलर बसवून घेतले आहेत. वीज आली की तो पंप सुरू करतो, एकेका भागाचा व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळेपुरता उघडतो आणि शेवटी पंप बंद करतो. चालतो तोवर हा गडी फार गुणाचा. परंतु अडला म्हणजे नेमके काय झाले हे कोणालाच उमजत नाही.

अशाच एका डाळिंबाच्या बागेत जाण्याचा प्रसंग आला. बागेचे चार भाग होते. पहिल्या दोन भागांना पाणी व्यवस्थित मिळे, तिसऱ्या भागाचे पाणी सुरू होताच मिनिटभरात पंप बंद पडे. सकाळी पाहावे तर तिसरा आणि चौथा भाग कोरडा. बहार धरलेला, फळ लिंबाएवढे झालेले. अशा वेळी पाण्याचा ताण पडून नंतर एकदम पाणी मिळाले तर फळे तडकतात, हे डाळिंबवाल्यांना सांगायला नको. दुकानदाराच्या सल्ल्याने मालकांनी कंट्रोलर बदलला होता. "साहेब, नवा डबा आणला तरी बी तेच. तिसऱ्याला आला की मरतो," असे ते म्हणाले. दोष डब्यात नव्हताच. तो कसा सापडला हे सांगण्यापूर्वी या डब्याची थोडी ओळख करून घेऊ.

कंट्रोलर म्हणजे काय?

साखर कारखाना, सूतगिरणी, दूध प्रक्रिया केंद्र येथे यंत्रे चालविण्यासाठी पी.एल.सी. नावाचे उपकरण वापरतात. पूर्वी हे काम शेकडो रिले जोडलेल्या मोठ्या कपाटांकडून होत असे. यंत्राचा क्रम बदलायचा म्हणजे सगळ्या तारा उकलून पुन्हा जोडाव्या लागत. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने 1968 मध्ये यावर उपाय मागितला आणि डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन 084' हे उपकरण तयार केले. तारा न बदलता फक्त सूचना बदलून काम बदलता येऊ लागले. आपल्या बागेतील कंट्रोलर त्याच घराण्यातला आहे. काही ठिकाणी तर छोटा पी.एल.सी.च बसविलेला असतो.

त्याचे काम तीन पायऱ्यांत चालते. प्रथम तो बाहेरची खबर घेतो: बोअरमध्ये पाणी आहे का, पाइपलाइनमध्ये दाब आहे का, तिन्ही फेज आहेत का. ही खबर आणणाऱ्या तारांना इनपुट म्हणतात. मग भरून दिलेल्या सूचनांशी ती ताडून पाहतो. शेवटी हुकूम सोडतो: स्टार्टर ओढ, अमुक व्हॉल्व्ह उघड. या तारा म्हणजे आउटपुट. ही फेरी सेकंदाच्या लहानशा भागात पूर्ण होते आणि अखंड चालू राहते.

बहुतेक कंट्रोलरवर प्रत्येक इनपुटला व आउटपुटला एकेक बारीक दिवा असतो. खबर आली की इनपुटचा दिवा लागतो, हुकूम सुटला की आउटपुटचा. बिघाड शोधण्याचे अर्धे काम हे दिवेच करतात. डबा स्वतः क्वचित बिघडतो. बिघाड बहुधा बाहेर, म्हणजे तारेत, जोडात, व्हॉल्व्हमध्ये, स्टार्टरमध्ये किंवा थेट पाण्यात असतो. तेव्हा डबा बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पेटी उघडण्यापूर्वी

दिवे पाहणे व वहीत टिपून ठेवणे हे काम शेतकऱ्याने स्वतः करावे. स्टार्टरच्या बाजूला मात्र 415 व्होल्ट असतात. तेथील काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच पाडून किटकॅट काढावेत आणि ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. पेटीला कंट्रोलर किंवा ऑटोस्विच असेल तर ही खबरदारी दुप्पट महत्त्वाची, कारण वीज गेलेली असताना हात घातला आणि तेवढ्यात वीज आली तर पंप आपोआप सुरू होतो, कोणी बटण दाबायची वाट पाहत नाही. नुसत्या ऑटोस्विचमुळे वीज येताच एका डीपीवरील सगळे पंप एकदम उचल घेतात व डीपीवर भार येतो. म्हणूनच महावितरण ते काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते. कंट्रोलर असेल तर पंप सुरू होण्यापूर्वी काही मिनिटांचा विलंब त्यात भरून घ्यावा. कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, हेही विसरू नये.

डाळिंबाच्या बागेतील शोध

आम्ही पेटीला हात न लावता संच सुरू केला आणि दिवे पाहत उभे राहिलो. पहिल्या व दुसऱ्या भागाला सर्व ठीक होते. तिसऱ्या व्हॉल्व्हचा दिवा लागला, पाणी सुरू झाले आणि थोड्याच वेळात इनपुटचा एक दिवा विझला. त्यानंतर पंपाचा दिवा विझला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पंपाचा हुकूम आधी गेला असता तर सूचनांमध्ये शोध घ्यावा लागला असता. येथे आधी खबर गेली, नंतर हुकूम मागे घेतला गेला. म्हणजे कंट्रोलर शिकविल्याप्रमाणेच वागत होता.

विझलेला दिवा प्रेशर स्विचचा होता. पाइप फुटून पाणी वाया जाऊ नये म्हणून दाब एक किलोच्या खाली गेल्यास पंप बंद करण्याची सूचना भरलेली होती. स्विच फिल्टरच्या पुढे बसविलेला. फिल्टरच्या आधीच्या मीटरवर 2.2 किलो आणि नंतरच्या मीटरवर 0.8 किलो दाब दिसला. फिल्टरमध्येच 1.4 किलो दाब खर्च होत होता! तिसरा भाग सर्वांत मोठा. त्याला पाणी जास्त लागते, आणि पाणी जास्त वाहिले की तुंबलेल्या फिल्टरमधील दाबाची घट वाढते. लहान भागांना निभावत होते, मोठ्याला निभेना. फिल्टर उघडून चकत्या सुट्या केल्या तेव्हा शेवाळाचा व गाळाचा थर निघाला. धुऊन बसविल्यावर चारही भाग एकापाठोपाठ भिजले. दोन मीटरमधील फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की फिल्टर धुवावा, हा नियम माहीत असतो. पाळला जात नाही, एवढेच.

इनपुटच्या बाजूचे दोष

पाणी असूनही पातळीचा दिवा लागत नसेल तर बोअरमध्ये सोडलेल्या इलेक्ट्रोडवर क्षार चढले असण्याचा संभव असतो. मराठवाड्यातील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे, त्यामुळे हा दोष वारंवार आढळतो. इलेक्ट्रोड वर घेऊन स्वच्छ घासावेत. उलट, पाणी नसतानाही दिवा लागलेलाच असेल तर ते अधिक धोक्याचे. तारा सोलून एकमेकींना चिकटल्या असतील, किंवा कोणी तरी 'तात्पुरती' जोडतार मारून ठेवली असेल.

या जोडतारेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पंप वारंवार बंद पडतो म्हणून पातळीच्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावून देणारे कारागीर गावोगाव आहेत. त्या दिवशी पाणी सुरू होते, मालक खूश होतो. पुढे चैत्रात बोअरची पातळी खाली जाते, पंप कोरडा फिरतो आणि सबमर्सिबलची मोटार जळते. मग पाइप काढणे, वाइंडिंग, पुन्हा सोडणे आणि तोवर बाग कोरडी. तपासणीपुरती तार लावायची झाल्यास माणूस पेटीजवळ उभा असतानाच लावावी आणि तो निघण्यापूर्वी काढावी.

कधी कधी इनपुटचे दिवे विनाकारण लुकलुकतात. सेन्सरची बारीक तार मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेल्यास असे होते. दोन्हींसाठी वेगळे पाइप, अंतर ठेवून, घालावेत.

आउटपुटच्या बाजूचे दोष

आउटपुटचा दिवा लागला म्हणजे हुकूम सुटला, एवढेच समजावे. तो व्हॉल्व्हपर्यंत पोहोचला की नाही हे पाहणे आपले काम. प्रथम व्हॉल्व्हवरील सोलेनॉइड हाताने थोडा सैल फिरवावा. पाणी सुरू झाले तर पाणी व पडदा ठीक आहेत, दोष विजेकडील. हातानेही उघडत नसेल तर पडदा फाटला आहे, कचरा अडकला आहे किंवा दाबच नाही.

विजेकडील दोषासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. कंट्रोलर बंद करून त्या व्हॉल्व्हच्या दोन्ही तारा सोडवाव्यात व ओहम मोजावेत. नेहमीच्या 24 व्होल्ट ए.सी. कॉइलचे माप साधारणपणे 20 ते 60 ओहम येते. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार किंवा कॉइल तुटली आहे; एक-दोन ओहमच दाखवत असेल तर तारा कोठे तरी चिकटल्या आहेत. हेच माप पुन्हा व्हॉल्व्हजवळ घ्यावे. तेथे बरोबर आले तर दोष मधल्या तारेत; खुरपणीत, कोळपणीत किंवा उंदरांनी तोडलेली असते. बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरच्या कॉइल वेगळ्या असतात, त्यांना हे आकडे लावू नयेत. एकच व्हॉल्व्ह बंद असेल तर त्याची स्वतःची तार पाहावी. सगळेच बंद असतील तर सामाईक तार किंवा 24 व्होल्टचा फ्यूज. व्हॉल्व्हच्या खड्ड्यातील जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून केलेले असतात व पहिल्याच पावसाळ्यात हिरवे पडतात. जोड पाणबंद करावेत.

पंपाचा दिवा विझूनही मोटार चालूच राहिली तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले आहेत. ताबडतोब मेन स्विच पाडावा. पॉइंटमध्ये मुंग्या किंवा पाल सापडणे हे तर नित्याचेच. पेटीची सर्व भोके बुजवावीत.

वीजपुरवठा

दाब 350 व्होल्टच्या खाली गेला की 415 व्होल्टची कॉइल कॉन्टॅक्टर नीट ओढत नाही, तो घरघरतो. मोटारही जास्त अँपियर घेते व तापते. यात कंट्रोलरचा दोष नाही. फेज तपासताना टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये. एक फेज गेलेला असला तरी मोटारीच्या वाइंडिंगमधून उलट वीज येऊन तिन्ही ठिकाणी टेस्टर उजळतो. वायरमनकडून दोन-दोन फेजमधील व्होल्टेज मीटरने तीनदा मोजून घ्यावे. डीपीवर दुरुस्ती झाल्यानंतर पंप सुरूच होत नसेल तर फेजचा क्रम उलटला असण्याची शक्यता असते, आणि प्रिव्हेंटरने पंप रोखला असतो. वळवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा बागभर पसरलेल्या लांब तारांतून झटका डब्यापर्यंत येतो. चांगले अर्थिंग व सर्ज संरक्षक बसवावा.

सूचनांमधील दोष

वरील सर्व ठीक असेल तरच सूचनांकडे वळावे. घड्याळ मागे-पुढे झालेले असते, किंवा एखाद्या भागाची वेळ शून्य पडलेली असते. काही कंट्रोलरमध्ये घड्याळासाठी लहान बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर वेळ पुसली जाते. संच बसविताना जोडणीचा नकाशा व भरलेल्या सूचनांची प्रत पुरवठादाराकडून मागून घ्यावी. ती न देणाऱ्याकडून संच घेऊ नये, असे आमचे मत आहे.

डाळिंबाच्या बागेतील पेटीच्या झाकणाला आतून आता एक कागद डकवलेला आहे. कोणता दिवा कशाचा, हे मालकांच्या मुलीने त्यावर मराठीत लिहिले आहे, आणि खाली फिल्टर धुतल्याच्या तारखा. जुना कंट्रोलर तपासून पाहिला. तो चांगला निघाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तो अडीनडीसाठी घरात ठेवला आहे.