छेदणाऱ्या दोन रेषा : शेजारचा कोन कोणता, समोरचा कोणता?



सातवीच्या वर्गाला एक उदाहरण दिलं होतं. दोन रेषा एकमेकींना छेदतात. त्यांच्या समोरासमोरच्या दोन कोनांची मापे (३क्ष + १०)° आणि (५क्ष − ३०)° आहेत. चारही कोन काढा.

बऱ्याच मुलांनी दोन्ही मापांची बेरीज १८० धरली. ८क्ष − २० = १८०, म्हणजे क्ष = २५. कोन आले ८५° आणि ९५°. पडताळा घेतला तर बेरीज १८०! मुलं खूश, आणि उत्तर चूक.

यात मुलांपेक्षा माझी चूक जास्त होती. आदल्या दिवशी मी दोन नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेतले होते. रेषीय जोडीतील कोनांच्या मापांची बेरीज १८०°, आणि विरुद्ध कोन समान मापाचे. नियम पाठ होते, पण कोणता कुठे लावायचा हे कळलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कृती : खराट्याच्या दोन सरळ काड्या घ्या. मध्यभागी एकमेकींवर ठेवून दोऱ्याने सैल बांधा. तयार झालेल्या चार कोनांना ओळीने अ, ब, क, ड अशी नावे द्या. आता काड्या कात्रीसारख्या हलवा.

"अ लहान केला, तर शेजारच्या ब चं काय झालं?"
"मोठा झाला, बाई."
"आणि समोरचा क?"
"तोपण लहान झाला!"

इथेच खरा उलगडा झाला. शेजारचा कोन जेवढा कमी, तेवढा दुसरा जास्त, म्हणून त्यांची बेरीज १८० वरच राहते. समोरचे कोन मात्र एकदमच लहान-मोठे होतात. मग त्यांची बेरीज कायम १८० कशी राहील? एका मुलीने काड्या काटकोनात धरून दाखवल्या, "बाई, आत्ता आहे की!" बरोबर. पण फक्त तेव्हाच, कारण तेव्हा चारही कोन ९०° असतात.

कारण : अ + ब = १८०, कारण ते एका सरळ रेषेवर आहेत. ब + क = १८०, तेही सरळ रेषेवरच. दोन्हींत ब आहेच, म्हणून अ = क. युक्लिडच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या भागातलं १५ वं विधान हेच आहे. म्हणजे सरळ कोन १८०° एवढं पक्कं असलं की दुसरा नियम मुलं स्वतःच शोधतात.

आता तेच उदाहरण :
५क्ष − ३० = ३क्ष + १०
२क्ष = ४०
क्ष = २०
समोरासमोरचे दोन कोन ७०°, ७०° आणि उरलेले दोन ११०°, ११०°.
पडताळा : ७० + ११० + ७० + ११० = ३६०.

वहीत समीकरण मांडण्याआधी 'शेजारचे' की 'समोरचे' हा एक शब्द लिहायची सवय मी आता लावली आहे. त्याने बराच फरक पडतो.

सरावासाठी :
१) एक कोन ११५° आहे. बाकीचे तीन काढा.
२) शेजारचे दोन कोन (२क्ष)° आणि (३क्ष + ५)° आहेत. चारही कोन काढा.

उत्तरे : १) ६५°, ११५°, ६५°  २) क्ष = ३५; कोन ७०°, ११०°, ७०°, ११०°

पालकांनो, घरी काड्या नसतील तर कात्री चालेल. फक्त उत्तर सांगू नका, "शेजारचा की समोरचा?" एवढंच विचारा.