बांधावरची स्टाफरूम

कोल्हापुरात कुणी विचारलं, ‘कुठं असता सर?’ आणि आपण ‘कळंब्यात’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘आत का भायेर?’ मध्यवर्ती कारागृहानं आमच्या गावाला दिलेली ही ओळख. मी ‘भायेर’ राहतो, तलावाच्या बाजूला. ३२ वर्षं पदार्थविज्ञान शिकवून २०२३ मध्ये निवृत्त झालो. त्यातली शेवटची अकरा वर्षं महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सात प्राध्यापक तलावाच्या बांधावर बसत आलो. कॉलेजं वेगळी, विषय वेगळे. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. तिथं जे हाती लागलं ते हे.

१. फाइल जाड झाली, तास तसाच राहिला.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. आमच्या पिढीला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन आणि तीन आठवड्यांचे रिफ्रेशर करायला लागायचे. पुढं या केंद्रांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. मी हे सगळे कोर्स मन लावून केले. खोटं कशाला बोला, मजा आली. परभणीचा एक मित्र मिळाला, तो आजही दिवाळीला फोन करतो. पण परत येऊन वर्गात उभा राहिलो की तोच खडू, तेच टिपण, तीच मागच्या बाकावरची पेंग. कोर्स वाईट होते असं नाही. तिथं शिकवणाऱ्यानं माझा वर्ग पाहिला नव्हता, आणि माझ्या वर्गानं तो कोर्स. २०१० च्या नियमांनी एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजणारे, गुण आले आणि प्रमाणपत्रांची तर मोजदादच सुरू झाली. प्रमोशनच्या मुलाखतीला मी जी फाइल नेली ती सायकलच्या कॅरिअरला मावेना.

२. ‘आज माझा तास पडला’ असं म्हणणारा पहिला माणूस लागतो.

स्टाफरूममध्ये आपण विद्यार्थ्यांविषयी बोलतो, पगाराविषयी बोलतो, प्राचार्यांविषयी तर फारच बोलतो. स्वतःच्या तासाविषयी कुणी बोलत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात बांधावर फिरताना इतिहासाच्या एक मॅडम भेटल्या. तोंडओळख होती. चहा घेताना म्हणाल्या, ‘सर, वीस वर्षं फ्रेंच राज्यक्रांती शिकवते. काल एका मुलानं विचारलं, ही कोल्हापूरच्या आधी झाली का नंतर? मला रडावं का हसावं कळंना.’ मी म्हटलं, ‘माझ्याकडं त्याहून भारी आहेत.’ दोन तास गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या एका सरांना आणलं, त्यांनी कॉमर्सच्या एकांना. मॅडमनी त्या दिवशी आपल्या यशोगाथा सांगितल्या असत्या तर मी चहा संपवून घरी गेलो असतो.

अमेरिकेत ओहायोमध्ये मायामी नावाचं विद्यापीठ आहे (फ्लोरिडातलं नव्हे, मीही आधी फसलो होतो). तिथं १९७९ पासून प्राध्यापकांचे असे छोटे गट वर्षभर एकत्र बसतात. मिल्टन कॉक्स या गणिताच्या प्राध्यापकांनी ही रीत वाढवली. हे मला फार उशिरा कळलं. तोवर आमचे चहाचे बरेच कप झाले होते.

३. दुसऱ्याला आपल्या मागच्या बाकावर बसवावं.

हे सगळ्यांत अवघड. तासाला कुणी आलं म्हणजे तपासणी, एवढंच आपल्याला माहीत. आम्ही ठरवलं, येणाऱ्यानं मत द्यायचं नाही, फक्त दिसलं ते लिहायचं. माझ्या तासाला इतिहासाच्या मॅडम आल्या. पदार्थविज्ञान त्यांना दहावीनंतर माहीत नाही, आणि तेच बरं होतं. संध्याकाळी त्यांनी वहीचं पान पुढं केलं. तासाभरात मी ११ प्रश्न विचारले होते. त्यांतल्या ९ प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. शेजारी लिहिलेलं : ‘प्रश्न संपायच्या आत सर फळ्याकडं वळतात.’

माझा विश्वास बसेना. मग शोधताना मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम सापडलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात, हे त्यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. तीन सेकंद! म्हणायला काहीच नाही. वर्गात उभं राहून थांबून बघा, घशाला कोरड पडते.

माझा एक ठरलेला प्रश्न होता. सरळ वर फेकलेला दगड सगळ्यांत उंच जागी पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? सगळा वर्ग म्हणतो, शून्य. मग मी म्हणायचो, ‘चूक. वेग शून्य. त्वरण ९.८, खाली,’ आणि पुढं जायचो. पोरं लिहून घ्यायची. हे वाचलं त्या वर्षी मी ‘चूक’ म्हटलं नाही. ‘का?’ एवढंच विचारलं आणि मनात आकडे मोजत उभा राहिलो. चार, पाच, सहा. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. इस्पुर्लीहून एसटीनं येणारी एक मुलगी, वर्षभरात तोंड न उघडलेली, शेजारणीला कुजबुजली, ‘शून्य असतं तर दगुड वरच ऱ्हायला असता न्हवं?’ मी म्हटलं, ‘मोठ्यानं सांग.’ तिनं सांगितलं. कुणी हसलं नाही. तो मुद्दा मी त्याआधी वीस-बावीस वर्षं शिकवत होतो. इतका नीट मी तो कधी मांडला नव्हता.

४. बॅनर लागला की बोलणं थांबतं.

आमच्यातल्या एकाच्या कॉलेजला हे कळलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला ‘बेस्ट प्रॅक्टिस’ दाखवावी लागते, हे आयतंच हाती आलं. हॉल मिळाला, मागं बॅनर, समोर हजेरीपत्रक, फोटोला सगळे उभे. त्या दिवशी प्रत्येकाचा तास उत्तम झाला होता! दोन बैठकींत आम्ही परत बांधावर.

५. सीएचबीवरच्या पोरांना आधी जागा द्यावी.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांना ना प्रमोशन, ना रिफ्रेशर, ना सुट्टीतला पगार. त्यांना यातून काय मिळणार, असं मला वाटायचं. खरं तर सगळ्यांत नियमित तेच आले. आमच्यातला एक सकाळी एका तालुक्याला, दुपारी दुसऱ्या तालुक्याला शिकवायचा. पेट्रोल वजा जाता हातात काय राहायचं ते त्यानं एकदा सांगितलं आणि आम्ही कायम नोकरीवाले खाली बघत बसलो. त्याच्यासाठी बैठकीची वेळ पाचाची साडेसहा केली. त्याच्या कमाईवर तोडगा आमच्याकडं नव्हता, आजही नाही. सेट झालेली, पीएच.डी. झालेली ही मुलं. शिकवणं सुधारा असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न मात्र त्यानंतर दर बैठकीला आमच्याबरोबर बसू लागला.

६. झेडपीच्या शिक्षकांकडून शिकावं.

माझी बहीण प्राथमिक शिक्षिका. आमच्या मंडळाचं कौतुक सांगितलं तर म्हणाली, ‘दादा, आमची केंद्राची शिक्षण परिषद असतेच की. तुमच्यात असलं काय न्हाई?’ नाही. आसपासच्या शाळांचं एक केंद्र, तिथं शिक्षकांनी जमायचं, एकमेकांचे पाठ बघायचे. त्यातही रटाळपणा असतो, परिपत्रकंच वाचली जातात, हेही तीच सांगते. पण निदान सोय तरी आहे. शेजारच्या शाळा एकमेकींना बांधायची ही कल्पना कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालात आहे, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यातही त्यांचा हात. आमच्या दारावरून जाणारा रस्ता गारगोटीलाच जातो. त्याच रस्त्यानं मी ३२ वर्षं कॉलेजला गेलो, आणि हे कळायला बहिणीचा टोमणा लागला.

७. ऑनलाइनवर भागतं, पण थोडं.

२०२० मध्ये मोबाइलवर बसलो. परभणीकर मित्रालाही घेतलं, हा एक फायदा. बाकी, पडलेल्या तासाविषयी पडद्यासमोर कुणी बोलेना. घरातले ऐकतात ना!

८. चहाचा हिशेब आधी ठरवावा.

आमचा नियम असा : ज्याचा तास पडला त्यानं तो सांगायचा, चहा-भडंगाचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे. कॉमर्सच्या सरांवर सुरुवातीला फुकटच्या चहासाठी तास पाडत असल्याचा संशय होता. इतिहासाच्या मॅडम अजून येतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच आलेल्या एका नव्या मुलीनं तीन पडलेले तास सांगितले, तिला भडंगही जास्त मिळालं. मी निवृत्त, माझा तास आता पडत नाही. त्यामुळं पैसे दर वेळी मलाच द्यावे लागतात.