तद्विद्यसंभाषा आणि तालुक्याचे अभ्यासमंडळ

वैद्याने शास्त्रज्ञान कसे मिळवावे आणि कसे दृढ करावे, ह्याचा विचार चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आला आहे. अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय तेथे सांगितले आहेत. पदवी घेऊन गावी दवाखाना सुरू केला की पहिला उपाय मागे पडतो आणि दुसरा महाविद्यालयांकडे राहतो. तिसरा मात्र कोणत्याही गावी साध्य आहे. तरीही आपण त्याचाच सर्वांत कमी अवलंब करतो.

तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. अशा व्यक्तीशी चर्चा केल्याने पूर्वी ऐकलेल्या विषयातील शंका फिटते, जे नि:शंक असते ते अधिक दृढ होते आणि न ऐकलेले कानी पडते, असे चरकाचार्य सांगतात. सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींपैकी कोणी रस एक मानतो, कोणी दोन, कोणी असंख्य. सर्वांची मते ऐकल्यावरच पुनर्वसु आत्रेय षड्रसांचा सिद्धान्त मांडतात. आज आपण तो सहजपणे शिकतो. परंतु ग्रंथाने तो मतभेदांसह जपला आहे.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. ‘आर्यभिषक्’ ह्या ग्रंथाचे कर्ते शंकर दाजी शास्त्री पदे ह्यांनी 1907 साली नाशिक येथे वैद्यांना एकत्र आणले आणि त्यातून अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ झाला. मोठी संमेलने आवश्यकच आहेत; पण दवाखान्यात रोज उभा राहणारा प्रश्न वर्षातून एकदा भरणाऱ्या संमेलनाची वाट पाहू शकत नाही.

आमचा एक अनुभव येथे नमूद करतो. पूर्णा येथील आमच्या दवाखान्यात एक शेतमजूर जुना खोकला घेऊन आला. आम्ही कास हे निदान केले व सितोपलादि चूर्ण आणि वासावलेह दिला. थोडे बरे, पुन्हा तसेच, असे दोन महिने गेले. एका घरगुती कार्यात चार वैद्य जमले असता आम्ही सहज हा विषय काढला. त्यांतील एका ज्येष्ठांनी विचारले, “वैद्यराज, खांदे-बरगड्या दुखतात का? तळहात-तळपाय तापतात का? अंगात ज्वर असतो का?” राजयक्ष्म्याचे हे त्रिरूप आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. रुग्णाला मात्र त्यांतील एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बोलावून त्याची थुंकी तपासणीस पाठवली. क्षयाचे जंतू आढळले. शासकीय रुग्णालयातून सहा महिने औषधे घेऊन तो बरा झाला. परंतु ते दोन महिने तो पत्नी व लहान मुलीसह एकाच खोलीत झोपत होता. पुढे मुलीलाही उपचार घ्यावे लागले. आमच्याकडे ग्रंथ होता, श्लोकही मुखोद्गत होता. आम्हाला प्रश्न विचारणारा तद्विद्य जवळ नव्हता, आणि तो आम्ही शोधलाही नव्हता.

म्हणून प्रत्येक तालुक्यात पाच ते सात वैद्यांचे अभ्यासमंडळ असावे, असे आम्ही सुचवितो. पूर्णा हे जंक्शन आहे. परभणी, नांदेड व वसमत ह्या तिन्ही बाजूंचे वैद्य रेल्वेने येऊन संध्याकाळी परतू शकतात. महिन्याचा एक रविवार निश्चित करावा, जागा आळीपाळीने बदलावी. दोन तासांचे तीन भाग पुरेत.

1. रुग्णचर्चा : एका सभासदाने एक रुग्ण मांडावा, शक्यतो न सुधारलेला. रुग्णाचे नाव, गाव सांगू नये. इतरांनी प्रथम फक्त प्रश्न विचारावेत, चिकित्सा नंतर सुचवावी.

2. ग्रंथवाचन : त्याच व्याधीचा संहितेतील अंश सर्वांनी मिळून वाचावा.

3. द्रव्यपरिचय : एक द्रव्य घ्यावे. रास्ना, शंखपुष्पी ह्या नावांनी बाजारात भिन्न वनस्पती मिळतात. प्रत्येकाने आपल्या दुकानातील नमुना आणून शेजारी शेजारी ठेवावा.

मंडळाची नोंदवही असावी. तीत यशाबरोबर अपयश आणि औषधाचा झालेला त्रासही लिहावा. रुग्ण कोणत्या टप्प्यावर रुग्णालयात पाठवावा, ह्याचा निर्णयही तीत नोंदवावा.

पथ्ये चरकानेच सांगून ठेवली आहेत. संभाषा दोन प्रकारची : संधाय म्हणजे मैत्रीने केलेली आणि विगृह्य म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आपल्याला पहिली हवी. तीत नि:शंकपणे विचारावे, विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगावे, हरण्याची भीती बाळगू नये, दुसऱ्याला हरवून हर्ष मानू नये आणि आपल्याला जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. एकाच पेठेत दवाखाने असलेल्या आपणा वैद्यांना हे जड जाते, ह्याची आम्हाला जाणीव आहे. स्वत:ची चूक शेजारच्या वैद्यापुढे उघड करणे सोपे नसते. पण ती झाकल्याची किंमत आपण देत नाही. ती रुग्ण देतो.

सभासद बंधुभगिनींनी पुढील अंक हाती येण्यापूर्वी आपल्या परिसरातील चार वैद्यांना एकदा चहाला बोलवावे, आणि न सुधारलेला एक रुग्ण प्रथम स्वत: मांडावा, ही विनंती.